शेजारी की नागरिक? — टेक्ससमधील एका सरकारी कचेरीची कथा



सरकारी कचेरी हा वसंतातल्या संध्याकाळी ऐकण्याचा विषय आहे काय, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आल्यावाचून राहिला नसेल. कचेरी म्हटली की टेबल, फायलींचे गठ्ठे आणि 'उद्या या' हे दोन शब्द एवढेच आपल्याला आठवते. परंतु एखादे राज्य आपल्याच नागरिकांपैकी एका समूहासाठी जेव्हा वेगळी कचेरी उघडते, तेव्हा त्या घटनेमागे इतिहास असतो. सगळे सरकार जर सगळ्या नागरिकांचे आहे, तर काही नागरिकांना निराळे दार का लागावे? हे दार त्यांना आत घेण्यासाठी उघडलेले असते, की मुख्य दारापासून दूर ठेवण्यासाठी? ह्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी आज आपल्याला अमेरिकेतील टेक्सस राज्यात नेणार आहे. तेथे १९४३ साली अशी एक कचेरी निघाली. तिचे नाव होते 'गुड नेबर कमिशन', म्हणजे चांगल्या शेजाऱ्यांचा आयोग.

हे नाव लक्षात ठेवावे, कारण आजच्या व्याख्यानाचे सगळे सार त्या नावात आहे. आपल्याकडे शेजारधर्म मोठा मानतात. अडीअडचणीला आपण शेजाऱ्याला विरजण देतो, त्याच्या मुलीच्या लग्नात पंगतीला वाढायला उभे राहतो. पण शेजारी कितीही जिवाभावाचा असला तरी आपल्या सातबाऱ्यावर त्याचे नाव नसते. त्याच्याशी चांगले वागणे हा आपला चांगुलपणा असतो, त्याचा हक्क नसतो. टेक्सस सरकारने ज्यांना शेजारी म्हटले ते लोक मात्र शेजारच्या घरातले नव्हते. ते त्याच घरात राहत होते, आणि त्यांतील पुष्कळांची घराणी घराच्या आजच्या मालकांच्या आधीपासून तेथे नांदत होती.

हे लोक कोण? स्पॅनिश ही ज्यांची किंवा ज्यांच्या पूर्वजांची भाषा, त्यांना अमेरिकेत आज 'हिस्पानिक' किंवा 'लॅटिनो' म्हणतात. टेक्ससमध्ये ते मुख्यतः मेक्सिकन वंशाचे. टेक्सस हा मुळात मेक्सिकोचाच प्रांत. १८३६ साली तो फुटून निघाला, १८४५ साली अमेरिकन संघराज्यात सामील झाला, आणि त्यातून अमेरिका व मेक्सिको यांच्यात युद्ध पेटले. २ फेब्रुवारी १८४८ रोजी ग्वादालूपे हिदाल्गो येथे तह झाला. रिओ ग्रांदे नदी ही टेक्ससची सरहद्द ठरली आणि कॅलिफोर्नियापर्यंतचा अफाट मुलूख अमेरिकेकडे गेला. त्या मुलखात राहिलेल्या मेक्सिकन लोकांनी वर्षभरात दुसरा निर्णय कळविला नाही, तर ते अमेरिकन नागरिक समजले जातील, असे तहात लिहिले होते. म्हणजे माणसे जागच्या जागी राहिली आणि त्यांच्या पायाखालचे राज्य बदलले. पुढे १९१० साली मेक्सिकोत क्रांतीचा वणवा पेटला, तेव्हा हजारो कुटुंबे नदी ओलांडून उत्तरेला आली. कापूस वेचणे, बीट उपटणे, रेल्वेचे रूळ टाकणे ही कामे त्यांच्या वाट्याला आली. १९३० नंतरच्या मंदीत ह्याच लोकांना गाड्यांत भरून मेक्सिकोत पाठविण्यात आले, आणि त्यांत अमेरिकेतच जन्मलेली, कायद्याने पूर्ण नागरिक असलेली मुलेमाणसेही होती.

जे राहिले त्यांचे दैनंदिन जीवन कसे होते? पुष्कळ गावांत त्यांच्या मुलांची शाळा वेगळी होती. काही उपाहारगृहांच्या दारावर मेक्सिकनांना येथे मिळणार नाही अशा पाट्या होत्या. न्हाव्याच्या दुकानात, पोहण्याच्या तलावावर, चित्रपटगृहात हाच अनुभव येई. काही गावांत तर मेल्यावरही सुटका नव्हती, कारण स्मशानभूमीतही त्यांची जागा वेगळी राखलेली असे. ह्या परिस्थितीत १९२९ साली कॉर्पस क्रिस्ती ह्या बंदराच्या शहरी त्यांच्यातील वकील, शिक्षक, दुकानदार अशा सुशिक्षितांनी एक संघटना काढली. तिच्या नावाचा अर्थ असा: 'संयुक्त लॅटिन अमेरिकन नागरिकांचा संघ'. त्यांनी स्वतःला नागरिक म्हटले. चौदा वर्षांनी सरकारने त्यांच्यासाठी कचेरी काढली, तेव्हा मात्र त्यांना शेजारी म्हटले.

सरकारला ही कचेरी काढण्याची उपरती कशी झाली, ते पाहण्यासारखे आहे. दुसरे महायुद्ध सुरू होते. तरणीताठी माणसे सैन्यात किंवा कारखान्यांत गेली होती आणि शेते मजुरांवाचून अडली होती. ऑगस्ट १९४२ मध्ये अमेरिकेने मेक्सिकोशी करार केला. त्यानुसार मेक्सिकोतून ठरावीक मुदतीवर शेतमजूर आणायचे होते. ह्या मजुरांना 'ब्रासेरो' म्हणत. ब्रासो म्हणजे बाहू. ब्रासेरो म्हणजे आपले बाहू राबवणारा. ही योजना १९६४ पर्यंत चालली आणि तीत सुमारे ४६ लाख करार झाले. पण सुरुवातीलाच मेक्सिकोने एक अट घातली: टेक्ससमध्ये आमच्या माणसांना अपमानास्पद वागणूक मिळते, तेव्हा तेथे आम्ही एकही मजूर पाठविणार नाही.

टेक्ससचे शेतमालक हवालदिल झाले. इतकी वर्षे ज्या तक्रारीकडे कोणी ढुंकून पाहिले नव्हते, ती कापसाच्या बोंडांतून बोलू लागली. मे १९४३ मध्ये टेक्ससच्या विधिमंडळाने एक ठराव केला. 'कॉकेशियन' वंशाच्या सर्व लोकांना सार्वजनिक ठिकाणी समान वागणूक मिळावी, अशी त्याची भाषा होती. मेक्सिकन वंशाचे लोक कॉकेशियन, म्हणजे गोरे, ह्या सदरात धरायचे होते. ह्या ठरावात दोन गोम होत्या. एक अशी की तो मोडणाऱ्याला शिक्षा काही नव्हती. तो केवळ सदिच्छेचा कागद होता. दुसरी गोम अधिक खोल आहे. ठरावाने भेदाची भिंत पाडली नाही, फक्त एका समूहाला भिंतीच्या अलीकडे घेतल्यासारखे केले. निग्रो नागरिक पलीकडेच राहिले. खेदाची गोष्ट अशी की, आम्हीही गोरेच आहोत, मग आम्हाला का वगळता, असा युक्तिवाद मेक्सिकन वंशाच्या काही पुढाऱ्यांनीही त्या काळात केला होता. पीडिताला न्यायाचा रस्ता बहुधा अन्यायाच्याच नकाशावर शोधावा लागतो, ह्याचे हे एक उदाहरण आहे.

त्याच वर्षी गव्हर्नर कोक स्टीव्हन्सन यांनी गुड नेबर कमिशन स्थापन केले. शेजारधर्माची ही भाषा अध्यक्ष रूझवेल्ट यांची होती. मार्च १९३३ मधील आपल्या पहिल्या भाषणात त्यांनी परराष्ट्रांशी चांगल्या शेजाऱ्याप्रमाणे वागण्याचे धोरण जाहीर केले होते, आणि लॅटिन अमेरिकेतील देशांशी असलेल्या संबंधांना पुढे तेच नाव पडले. युद्धाच्या काळात हे संबंध सांभाळण्यासाठी वॉशिंग्टनला नेल्सन रॉकफेलर यांच्या हाताखाली एक कचेरी होती, आणि टेक्ससच्या आयोगाला सुरुवातीचा पैसा तिच्याकडूनच आला. म्हणजे परराष्ट्रांसाठी शिवलेला अंगरखा टेक्ससने आपल्याच नागरिकांच्या अंगावर चढविला. १९४५ साली विधिमंडळाने कायदा करून ह्या आयोगाला राज्याच्या कायम खात्याचे रूप दिले. मेक्सिकोची बंदी मात्र ह्या सगळ्याने उठली नाही. युद्ध संपेपर्यंत टेक्ससला ब्रासेरो मिळाले नाहीत.

आयोगाचे काम कसे चाले? तक्रार आली की चौकशी करायची, संबंधिताला पत्र लिहायचे, गावातल्या वजनदार माणसांना भेटून चार शब्द सांगायचे. शाळांतून, मंडळांतून व्याख्याने करायची. उपाहारगृहाच्या मालकाने ऐकले तर ठीक. न ऐकले तर आयोगाजवळ त्याला दंड करण्याचा, कोर्टात खेचण्याचा किंवा त्याचा परवाना काढून घेण्याचा अधिकार नव्हता. हे काम निरर्थक होते असे मी म्हणणार नाही. ज्या तक्रारी आजवर हवेत विरून जात, त्या प्रथमच सरकारी कागदावर उतरल्या. पण नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशी त्या खात्याची अवस्था होती.

ही उणीव त्याच वर्षी उघडी पडली. मकारिओ गार्सिआ हा मेक्सिकोत जन्मलेला, टेक्ससमध्ये कापसाच्या शेतात राबलेला तरुण अमेरिकेच्या सैन्यात लढला होता. जर्मनीतील पराक्रमाबद्दल त्याला 'मेडल ऑफ ऑनर' हे तेथील सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. २३ ऑगस्ट १९४५ रोजी अध्यक्ष ट्रूमन यांनी ते स्वहस्ते त्याला दिले. पुढच्याच महिन्यात टेक्ससमधील रिचमंड गावी तो एका उपाहारगृहात गेला, तेव्हा मेक्सिकन म्हणून त्याला काही देण्यास नकार मिळाला. बाचाबाची झाली, हाणामारी झाली, आणि खटला भरला गेला तो त्याच्यावरच. तो खटला पुढे बारगळला. भेदभाव हा गुन्हा ठरवून त्याला शिक्षा सांगणारे एक विधेयक १९४५ साली विधिमंडळापुढे आले होते, पण तेही बारगळले. आयोग कायम करायला जे सभागृह तयार होते, ते आयोगाला ज्या कायद्याची गरज होती तो करायला तयार नव्हते.

आयोगाच्या कार्यकारी चिटणीस पॉलीन किब्बी ह्या बाईंनी हे काम मनापासून घेतले. १९४६ साली त्यांचे 'लॅटिन अमेरिकन्स इन टेक्सस' हे पुस्तक निघाले. शाळा, घरे, आरोग्य, मजुरी अशा एकेका अंगाने त्यांनी वस्तुस्थिती मांडली. पाहुणचाराच्या गोष्टी बोलाव्यात एवढीच ज्यांची अपेक्षा होती, त्यांना हे मजुरीचे बोलणे झोंबले. रिओ ग्रांदेच्या खोऱ्यात शेतमजुरांना कसे राबवितात ह्याविषयी त्यांनी तोंड उघडले, तेव्हा शेतमालकांचा आणि राजकारण्यांचा रोष ओढवला, आणि १९४७ साली त्यांना पद सोडावे लागले. ज्या शेतमालकांच्या गरजेपोटी कचेरी जन्मली, त्यांच्या हिताला धक्का लागताच कचेरीचा आवाज बंद झाला. दुसऱ्याच वर्षी सॅन अँटोनिओचे वकील आलोन्सो पेरालेस यांनी एक पुस्तक प्रसिद्ध केले. ठिकठिकाणी दारातून परत पाठविलेल्या माणसांची शपथपूर्वक निवेदने त्यांनी त्यात गोळा केली होती. पुस्तकाचे नाव त्यांनी ठेवले: 'आपण चांगले शेजारी आहोत काय?' ते नाव कोणाला उद्देशून होते, हे टेक्ससमध्ये कोणाला सांगावे लागले नसेल.

आता ह्या कथेतील सर्वांत करुण प्रसंगाकडे वळतो. थ्री रिव्हर्स हे दक्षिण टेक्ससमधील लहानसे गाव. तेथला फेलिक्स लाँगोरिया हा शिपाई जून १९४५ मध्ये फिलिपीन्समधील लुझॉन बेटावर मारला गेला. त्याचे अवशेष मायदेशी येण्यास १९४९ साल उजाडले. त्याची पत्नी बिआट्रिस हिने गावातील अंत्यविधीच्या व्यवस्थापकाकडे जाऊन, तेथल्या प्रार्थनागृहात शवपेटी ठेवू द्यावी, अशी विनंती केली. गोऱ्या लोकांना ते रुचणार नाही, असे सांगून त्याने नकार दिला. दफनाला त्याची हरकत नव्हती, कारण गावच्या स्मशानात मेक्सिकनांचा भाग काटेरी तारेने वेगळा केलेलाच होता. देशासाठी मेलेल्या माणसाला चार घटका छताखाली ठेवण्याचा प्रश्न होता, आणि तेवढी जागा त्याच्या गावात नव्हती.

बिआट्रिस डॉक्टर हेक्टर गार्सिआ यांच्याकडे गेली. कॉर्पस क्रिस्तीत दवाखाना चालविणारे हे डॉक्टर स्वतः महायुद्धात होते, आणि मार्च १९४८ मध्ये त्यांनी मेक्सिकन वंशाच्या माजी सैनिकांची 'अमेरिकन जी. आय. फोरम' ही संघटना काढली होती. ११ जानेवारी १९४९ रोजी त्यांनी एका शाळेत सभा बोलाविली. हजारावर लोक जमले. त्याआधी त्यांनी ठिकठिकाणी तारा केल्या होत्या. पहिले उत्तर आले ते टेक्ससचे नवे सेनेटर लिंडन जॉन्सन यांचे. प्रार्थनागृहावर सक्ती करणे केंद्र सरकारच्या अधिकारात नाही, पण लाँगोरियाला वॉशिंग्टनजवळच्या आर्लिंग्टन राष्ट्रीय स्मशानभूमीत लष्करी इतमामाने दफन करता येईल, असे त्यांनी कळविले. १६ फेब्रुवारी १९४९ रोजी तो विधी झाला. जॉन्सन पतिपत्नी हजर होती. मेक्सिकोच्या वकिलातीचा प्रतिनिधीही आला होता. एका अमेरिकन शिपायाच्या अंत्यविधीला परदेशाच्या वकिलाने यावे, ह्यात सौजन्य होते हे खरे. पण तो शिपाई कोणाचा, ह्याविषयीचा गोंधळही त्यात दिसतो.

जॉन्सन यांच्या हेतूविषयी भाबडेपणा नको. १९४८ च्या उमेदवारीच्या निवडणुकीत ते अवघ्या ८७ मतांनी जिंकले होते, आणि त्या मतांपैकी दक्षिण टेक्ससमधील काही मतांबद्दल आजही इतिहासकार संशय घेतात. पराभूत झालेले प्रतिस्पर्धी कोण होते? ज्यांनी गुड नेबर कमिशन स्थापन केले, तेच कोक स्टीव्हन्सन. मतांचे मोल ८७ वर आल्यावर राजकारण्याला माणूस दिसू लागतो, असे कोणी म्हणाले तर ते अगदीच खोटे नव्हे. टेक्ससच्या विधिमंडळाने मात्र ह्या प्रकरणाची चौकशी करण्यासाठी पाच सदस्यांची समिती नेमली, आणि बहुमताने भेदभाव झालाच नाही असा निष्कर्ष काढला. एका सदस्याने त्या अहवालावर सही करण्यास नकार दिला, आणि पुढे तो अहवाल सभागृहाच्या दफ्तरात दाखल झालाच नाही. ह्या सगळ्या काळात सरकारचे गुड नेबर कमिशन अस्तित्वात होते. पण विधवेला न्याय मागायला ज्या दारी जावे लागले ते एका डॉक्टरच्या दवाखान्याचे होते.

पुढची पायरी न्यायालयाची. टेक्ससमधील जॅक्सन परगण्यात पीट एर्नांदेस ह्या शेतमजुरावर खुनाचा खटला झाला. त्याच्या वकिलांनी हरकत घेतली की ह्या परगण्यात चौदा टक्के लोक मेक्सिकन किंवा लॅटिन आडनावांचे आहेत, तरी गेल्या पंचवीस वर्षांत सुमारे सहा हजार ज्यूरर नेमले गेले, त्यांत असा एकही माणूस नाही. सरकारी पक्षाने उत्तर दिले की मेक्सिकन हे गोरेच आहेत. ज्यूरीही गोरी होती. मग भेदभाव कसला? पाहा, १९४३ च्या ठरावातील 'गोरे' हा शब्द येथे उलटून त्यांच्याच अंगावर आला. सर्वोच्च न्यायालयापुढे गस गार्सिआ आणि कार्लोस कादेना यांनी बाजू मांडली. ३ मे १९५४ रोजी सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी एकमताचा निर्णय वाचला. त्यात त्यांनी एक बारीकशी गोष्ट नोंदविली आहे. त्या कोर्टाच्या आवारात पुरुषांसाठी दोन स्वच्छतागृहे होती. एकावर काहीच लिहिले नव्हते. दुसऱ्यावर 'काळे पुरुष' असे इंग्रजीत, आणि त्याखाली 'पुरुष येथे' असे स्पॅनिशमध्ये लिहिले होते. मेक्सिकन कागदावर गोरे आणि दारावर कोण, हे त्या पाटीने सांगितले. खटला पुन्हा चालविण्याचा हुकूम झाला आणि नव्या ज्यूरीनेही एर्नांदेसला दोषी ठरविले. पण ज्यूरीत बसण्याचा हक्क कायम झाला. अकरा वर्षांच्या शेजारधर्माला जे जमले नव्हते, ते राज्यघटनेच्या एका कलमाने केले.

दहा वर्षांनी, १९६४ साली, उपाहारगृहांची दारेही केंद्राच्या कायद्याने उघडली. तेव्हा अध्यक्षपदी तेच लिंडन जॉन्सन होते. तरुणपणी, १९२८ साली, कोतुला ह्या टेक्ससमधील गावी मेक्सिकन मुलांच्या गरीब शाळेत ते मास्तर होते, आणि त्या मुलांची आठवण त्यांनी पुढे आपल्या भाषणात जाहीरपणे काढली. जून १९६७ मध्ये त्यांनी केंद्र सरकारच्या निरनिराळ्या खात्यांची मिळून मेक्सिकन-अमेरिकनांच्या प्रश्नांसाठी एक समिती नेमली आणि व्हिसेंते हिमेनेस यांना तिचे प्रमुख केले. ऑक्टोबरमध्ये एल पासो येथे समितीपुढे सुनावणी झाली; पण काही पुढाऱ्यांनी तिच्यावर बहिष्कार घालून त्याच शहरातल्या वस्तीत आपली वेगळी सभा भरविली. बोलावल्यावर येऊन गाऱ्हाणे सांगणे त्यांना आता पुरेसे वाटत नव्हते. १९६९ साली काँग्रेसने ह्या समितीला कायद्याचा आधार दिला, मात्र पाच वर्षांपुरता. १९७४ च्या अखेरीस तिची मुदत संपली आणि ती मिटली.

दरम्यान राज्यांनी हे काम हाती घेतले होते. वॉशिंग्टन राज्याने १९७१ साली, नेब्रास्काने १९७२ साली मेक्सिकन-अमेरिकनांसाठी आयोग स्थापन केले. मिशिगनने १९७५ साली, ओहायोने १९७७ साली स्पॅनिश भाषकांसाठी असे आयोग काढले. ह्यांतील एकही राज्य मेक्सिकोच्या सरहद्दीला लागून नाही. बीट, हॉप आणि फळबागांच्या हंगामामागे, नेब्रास्कात खाटीकखान्यांतील कामामागे, ही माणसे उत्तरेला आली होती आणि मुलाबाळांसह तेथेच रुजली होती. वॉशिंग्टन राज्यात तर इंग्रजी वाचता येणे ही मतदानाची अट १८९६ पासून होती. १९७० च्या केंद्रीय कायद्याने अशा सर्व अटी देशभर स्थगित केल्या. मत हाती आले आणि पुढल्याच वर्षी आयोग आला, हा क्रम ध्यानात घ्यावा.

ह्या नव्या आयोगांत आणि टेक्ससच्या जुन्या आयोगात फरक कोणता? दंड करण्याचा अधिकार ह्यांनाही नाही. सदस्य गव्हर्नरच नेमतो, आणि पैसा विधिमंडळ देईल तेवढाच. फरक आहे तो भूमिकेत. त्या समाजातीलच माणसांनी आयोगावर बसायचे, समाजाची स्थिती अभ्यासून गव्हर्नराला व विधिमंडळाला सल्ला द्यायचा, आणि सरकारची निरनिराळी खाती ह्या नागरिकांना सेवा देतात की नाही हे पाहायचे, अशी त्यांची रचना आहे. जुनी कचेरी उपाहारगृहाच्या मालकाला सांगे की पाहुण्याशी नीट वाग. नवी कचेरी सरकारलाच विचारते की तुमच्या दवाखान्यात, शाळेत, कोर्टात ह्या नागरिकाचे म्हणणे समजेल असे कोणी आहे काय. पहिलीत आर्जव आहे, दुसरीत जाब आहे.

जाब विचारायचा तर हातात आकडे हवेत, आणि येथे एक गमतीची अडचण होती. ह्या लोकांना मोजावे कसे हेच सरकारला उमगत नव्हते. १९३० च्या शिरगणतीत 'मेक्सिकन' हा एक वंश म्हणून लिहिला गेला. त्यावर निषेध होऊन पुढल्या वेळी तो वगळला. १९५० साली स्पॅनिश आडनावांवरून मोजणी झाली, तेव्हा टेक्ससमध्ये असे दहा लाखांहून अधिक लोक भरले. १९७६ साली काँग्रेसने स्पॅनिश मूळ असलेल्या नागरिकांची आकडेवारी गोळा करण्याचा कायदा केला, आणि १९८० साली प्रत्येक घरी तो प्रश्न विचारला गेला. उत्तर आले १ कोटी ४६ लाख. २०२० साली तोच आकडा ६ कोटी २१ लाख झाला. आयोगांची नावेही बदलत गेली. वॉशिंग्टनच्या आयोगाने १९८७ साली 'हिस्पानिक' हे नाव घेतले, कारण आता त्याच्या दारी येणारे सगळेच मेक्सिकन वंशाचे नव्हते.

अशा वेगळ्या कचेऱ्यांवर आक्षेप आहेत, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. एक आक्षेप असा की त्यांमुळे नागरिकांत कप्पे पडतात. दुसरा असा की गव्हर्नर आपल्या मर्जीतील चार माणसे नेमतो, फोटो निघतात, आणि समाजाचे तोंड बंद होते. तिसरा असा की वेगळी कचेरी निघाली की बाकीची खाती हात झटकून मोकळी होतात. प्रत्येक प्रश्न 'तुमच्या आयोगाकडे जा' म्हणून ढकलला जातो. किब्बीबाईंच्या हकीकतीत ह्या भीतीला पुरावा मिळतो. पहिल्या आक्षेपाला मात्र थ्री रिव्हर्सची काटेरी तार उत्तर देते. कप्पे कचेरीने पाडले नव्हते. कचेरी निघण्यापूर्वी ते स्मशानात आखलेले होते.

आपल्या घरचीही एक गोष्ट येथे आठवते. १९५६ साली भाषावार राज्यरचना झाली, तेव्हा सातव्या घटनादुरुस्तीने ३५० ब हे कलम घातले. भाषिक अल्पसंख्याकांसाठी एक विशेष अधिकारी नेमावा, त्याने चौकशी करून राष्ट्रपतींना अहवाल द्यावा, आणि तो अहवाल संसदेपुढे ठेवावा, अशी त्यात तरतूद आहे. बेळगावकडील मराठी माणसाला, तसेच महाराष्ट्रातील कानडी, तेलुगू, गुजराती भाषकाला हे कलम सारखेच लागू आहे. त्या अधिकाऱ्याच्या हातीही अहवालाचीच लेखणी आहे, अंमलबजावणीचा दंडा नाही. तेव्हा टेक्ससची ही कथा ऐकताना आपण केवळ प्रेक्षक आहोत असे समजू नये. सीमेच्या अलीकडे आपण बहुसंख्य असतो आणि पलीकडे अल्पसंख्य. शेजारधर्म कोणाला पुरतो आणि कोणाला पुरत नाही, हे आपल्याला दोन्ही बाजूंनी ठाऊक असायला हवे.

गुड नेबर कमिशनचे पुढे काय झाले? त्याचे लक्ष हळूहळू मेक्सिकोशी असलेल्या संबंधांकडे वळले. १९६५ पासून स्थलांतरित मजुरांच्या पाहणीचे कामही त्याच्याकडे आले. १९८७ साली ते बंद करण्यात आले. आणि ज्यांना ते शेजारी म्हणत होते त्यांचे काय झाले? २०२२ सालच्या अधिकृत अंदाजानुसार टेक्ससच्या लोकसंख्येत हिस्पानिक हा सर्वांत मोठा समूह झाला, शंभरात चाळीस. घरात सर्वांत जास्त संख्येने राहणाऱ्याला शेजारी म्हणणे आता कोणालाच जमणार नाही.

म्हणून एखादे सरकार जेव्हा एखाद्या समूहासाठी वेगळी कचेरी उघडते, तेव्हा तिच्या उद्घाटनाच्या हारतुऱ्यांकडे फार पाहू नये. ती कोणाच्या गरजेतून निघाली, तिच्यात कोण बसते, आणि तिच्यातला माणूस खरे बोलला तर त्याची नोकरी टिकते काय, एवढे तीन प्रश्न विचारावेत. बिआट्रिस लाँगोरियाने मागितले होते ते फार थोडे होते: नवऱ्याच्या शवपेटीला गावात काही तास जागा. ज्या कचेरीमुळे तेवढी जागा मिळते ती कचेरी असावी. आणि एक दिवस असा यावा की त्यासाठी कोणत्याच कचेरीत जावे लागू नये. त्या दिवसापर्यंत त्या दारांवर लक्ष ठेवणे हे त्यांच्याइतकेच आपलेही काम आहे.